आगामी हंगामाचे भाकीत: खान्देशातील महिला व्हॉलीबॉलची एक मीमांसा

महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलच्या आगामी हंगामाविषयी भाकीत करणे हा जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील एक बिनभांडवली आणि बहुतांशी पुरुषांनी चालवलेला उद्योग आहे. 'हंगाम' म्हणजे येथे पावसाळा सरत असताना सुरू होणाऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांपासून विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन परत येईपर्यंतचा काळ, आणि 'भाकीत' म्हणजे या काळात काय घडेल याविषयी ते घडण्याच्या पाच-सहा महिने आधी, मैदानावर चिटपाखरू नसताना, पूर्ण खात्रीने केलेले विधान. कापसाच्या आणि केळीच्या भावांविषयीही या प्रदेशात अशी विधाने होतच असतात. परंतु कापसाचे भाकीत चुकले तर घरातला पैसा जातो, व्हॉलीबॉलचे चुकले तर काहीच जात नाही, आणि म्हणूनच या दुसऱ्या शाखेतील विधाने पहिलीपेक्षा कितीतरी अधिक ठाम असतात.

भाकीतकारांची सरहद्द इतिहासाने आखून दिलेली आहे. इंग्रजी अमदानीतील अवाढव्य खान्देश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, पूर्वेचा पुढे जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे झाला, आणि धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. मात्र १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात हे तिन्ही जिल्हे आले, त्यामुळे कारभाराने तोडलेले खान्देशी लोक निदान नेटच्या दोन बाजूंना एकमेकांसमोर उभे राहू लागले. या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, शाळेत कधीही न गेलेल्या, आणि ज्योतिष्याला आपल्या दारी येऊ नकोस असे स्वच्छ बजावणारी एक कविता त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या नावाच्या विद्यापीठातील स्पर्धांभोवती दर वर्षी इतके ज्योतिषी गोळा होतील, ही शक्यता नामकरणाच्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नसावी.

भाकीतकार पोटापाण्यासाठी बहुधा दुसरेच काहीतरी करत असतो. निवृत्त क्रीडाशिक्षक, महाविद्यालयासमोरील झेरॉक्सच्या दुकानाचा मालक, तरुणपणी गावात शूटिंगबॉल (म्हणजे व्हॉलीबॉलशी नाते सांगणारा, परंतु त्याहून अधिक आडदांड असा खेडोपाडी खेळला जाणारा खेळ) गाजवलेला आणि आता गुडघा धरून बसणारा तालुक्याचा पुढारी, अशा लोकांनी ही परंपरा टिकवली आहे, आणि यांपैकी बहुतेकांनी महिलांचा एकही सामना पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या गुणापर्यंत सलग पाहिलेला नसतो, हे या शास्त्राचे एक ठळक वैशिष्ट्य मानावे लागते. सामना न पाहिल्यामुळे मत गढूळ होत नाही. यांची बैठक चहाच्या टपरीवर भरते. तेथे बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलाच्या पत्र्यावर मैदानाची चौकट काढली जाते, मध्ये नेटची रेघ ओढली जाते, अलीकडच्या अर्ध्यात सहा शेंगदाणे मांडले जातात आणि मग कोणता दाणा कोणाच्या जागी जाईल, मागचा पुढे कसा सरकेल याचे निरूपण सुरू होते. निरूपण रंगात आले की भाकीतकार बोलता बोलता त्यातील एक दाणा तोंडात टाकतो, संघ पाच खेळाडूंवर येतो, आणि तरीही अंतिम निष्कर्षात काडीचाही बदल होत नाही.

या पद्धतीचा शास्त्रीय पूर्वज शोधायचा झाल्यास बुलढाणा जिल्ह्यापर्यंत जावे लागते. तेथील जळगाव जामोद तालुक्यात (हे दुसरे जळगाव, दोहोंची गल्लत करून पत्रे चुकीच्या गावी पाठवण्याची परंपरा स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे) भेंडवळ या गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटमांडणी म्हणजे शेतात वर्तुळाकार अठरा प्रकारची धान्ये मांडून, मध्यभागी खळगा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवायची, त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवायची, पापड, कुरडई, पानसुपारी यांची मांडणी करायची, रात्रभर तिकडे कोणी फिरकायचे नाही, आणि पहाटे कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहून पाऊस, पीक आणि राजाची गादी यांविषयी भाकीत सांगायचे. टपरीवरील शेंगदाण्यांच्या मांडणीशी तुलना केली असता भेंडवळची पद्धत अधिक काटेकोर ठरते, कारण तेथे निदान निकाल लागेपर्यंत मांडलेले धान्य कोणी खात नाही.

भाकिते प्रत्यक्ष तपासून पाहण्याचा उद्योगही महाराष्ट्रात झालेला आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी काही सहकाऱ्यांसह २००८ च्या सुमारास फलज्योतिषाची एक चाचणी घेतली, तीत शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका गोळा करून, कोणती पत्रिका कोणत्या गटातील हे ज्योतिष्यांना ओळखण्यास सांगितले होते. प्रत्येकाकडे चाळीस पत्रिका गेल्या, सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली आणि त्यांच्या अचूकतेची सरासरी ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणे उडवून ठरवले असते तर जे साधले असते त्याहून किंचित कमी. खान्देशातील व्हॉलीबॉलच्या भाकीतकारांची अशी परीक्षा अद्याप कोणी घेतलेली नाही, आणि घेऊही नये. ४६ टक्के हा आकडा त्यांना फार मोठा वाटून त्यांचा उत्साह वाढण्याचा धोका आहे.

भाकीत का फसते हे समजण्यासाठी खेळाची रचना थोडी पाहावी लागते. विल्यम मॉर्गन या वाय.एम.सी.ए.च्या शारीरिक शिक्षकाने १८९५ साली अमेरिकेतील होलिओक या गावी हा खेळ तयार केला तो प्रामुख्याने मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी, ज्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती. पोट सुटलेल्या गृहस्थांना घाम न येता व्यायाम व्हावा या हेतूने जन्मलेल्या खेळात आज जळगावची एखादी मुलगी सिमेंटच्या कडेला घासून कोपर सोलून घेते आणि पोट सुटलेले गृहस्थ टपरीवरून तिचे मूल्यमापन करतात, एवढा एकच फरक सव्वाशे वर्षांत पडला आहे. मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, महिलांसाठी नेटची उंची २.२४ मीटर, एका बाजूस सहा खेळाडू, चेंडू आपल्या बाजूला जास्तीत जास्त तीन स्पर्शांत परत पाठवायचा, आणि प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस मोडून ती आपल्याकडे आली की सहाही जणींनी घड्याळाच्या दिशेने एकेक जागा सरकायचे. या सरकण्याला 'रोटेशन' म्हणतात, आणि त्यामुळे संघातील सर्वांत चांगली खेळाडू जशी नेटजवळ येते तशी सर्वांत कच्ची खेळाडूही कधी ना कधी सर्व्हिस करायला उभी राहतेच. लोकशाहीचे हे तत्त्व इतक्या कडकपणे पाळणारी दुसरी संस्था खान्देशात शोधावी लागेल.

पूर्वी ज्या संघाची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळत असे. विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस 'रॅली' पद्धत आली आणि प्रत्येक चेंडूवर कोणाला तरी गुण मिळू लागला. सेट पंचवीस गुणांचा, जिंकण्यासाठी किमान दोन गुणांची आघाडी, पाच सेटचा सामना असल्यास निर्णायक सेट पंधराचा. आता समजा, एक संघ दुसऱ्यापेक्षा खरोखरच सरस आहे आणि दर शंभर चेंडूंपैकी ५२ चेंडूंवर तो गुण मिळवतो. एवढ्या भांडवलावर तो दहापैकी साधारण सहा सेट जिंकतो. तीन सेटच्या सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास जाते, पाच सेटचा सामना ठेवला तर ६८ च्या. म्हणजे सामना लांबला की सरस संघाचे सरसपण थोडे अधिक उघडे पडते. परंतु आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा उरकायची असते दिवस-दोन दिवसांत, उजेड असेपर्यंत आणि परगावच्या संघांची शेवटची बस सुटण्यापूर्वी, त्यामुळे सामने तीन सेटचे होतात आणि स्पर्धा होते बाद पद्धतीची, जीत हरणारा संघ तत्काळ घरी जातो. सोळा संघ असले तर त्यांतील आठ संघांचा संपूर्ण हंगाम एका सामन्यात, बऱ्याचदा तासाभरात, आटोपतो. सर्वांत सरस संघाला विजेतेपदासाठी लागोपाठ चार सामने जिंकावे लागतात, आणि प्रत्येक वेळी ६५ टक्के शक्यता धरली तरी चारही जिंकण्याची शक्यता १८ टक्क्यांच्या आतच राहते. सारांश, जगातील सर्वांत हुशार भाकीतकाराने सर्वांत सरस संघ अचूक हेरला तरीही तो शंभरातून ब्याऐंशी वेळा तोंडघशी पडणार. टपरीवरचा भाकीतकार तितकाच तोंडघशी पडतो, आणि त्यासाठी त्याला काहीही हेरावे लागत नाही.

या हिशेबात लॉट्सची भर पडते. लॉट्स म्हणजे कोणाचा सामना कोणाशी हे ठरवण्यासाठी काढलेल्या चिठ्ठ्या. अकरा संघ आले तर सोळाची चौकट पूर्ण करण्यासाठी पाच संघांना 'पुढे चाल' मिळते, म्हणजे न खेळताच ते दुसऱ्या फेरीत जातात; आणि पुढे चाल मिळालेल्या संघाला आणखी एक विजय पुरतो, तोच उपांत्य फेरी गाठतो, प्राचार्यांच्या हस्ते पुष्पगुच्छ मिळतो, स्थानिक वृत्तपत्रात छायाचित्र येते आणि त्या छायाचित्राच्या आधारे पुढील वर्षीचे भाकीत उभे राहते. नव्या हंगामाचे निम्मे अंदाज मागच्या हंगामातील एका चिठ्ठीवर आधारलेले असतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

भाकीतकारांचा सर्वांत लाडका आधार म्हणजे उंची. 'औंदा त्यांच्याकडे एक उंच पोरगी आली आहे' हे वाक्य जूनमध्ये ज्या महाविद्यालयाविषयी उच्चारले जाते ते महाविद्यालय ऑगस्टपर्यंत विजेते मानले जाते. उंचीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. १६० सेंटीमीटर उंचीच्या मुलीचा उभ्याने वर केलेला हात नेटच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचत नाही, उडी घ्यावीच लागते, आणि उंच मुलीला तीच उडी कमी घ्यावी लागते. तथापि उंच मुलीपर्यंत चेंडू पोहोचवावा लागतो हा मुद्दा शेंगदाण्यांच्या मांडणीत हरवून जातो. पलीकडून आलेली सर्व्हिस आधी कोणीतरी दोन्ही हातांच्या पुढच्या भागावर नीट उचलायची, मग सेटरने, म्हणजे दुसरा स्पर्श करून चेंडू नेटजवळ अलगद वर ठेवणाऱ्या खेळाडूने, तो नेमक्या जागी ठेवायचा, आणि मगच उंच मुलीने तो जोरात खाली मारायचा. महाविद्यालयीन पातळीवर यांतील पहिली पायरीच बऱ्याचदा मोडते. सर्व्हिस उचलताना चेंडू प्रेक्षकांत जातो, सेटर त्याच्यामागे धावत प्रेक्षकांत जाते, आणि उंच मुलगी नेटजवळ हात वर करून सेट संपेपर्यंत तशीच उभी राहते, जे दृश्य छायाचित्रात फार चांगले दिसते. सरळ, सपाट, हवेत किंचित डुलत येणारी सर्व्हिस सलग आठ वेळा पलीकडे पाठवू शकणारी पाच फुटांची मुलगी ज्या संघात असते तो संघ सामना घेऊन जातो, आणि मग टपरीवर या पराभवाचे खापर उंच मुलीवर फुटते.

उंचीसंबंधी आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करून असे दाखवले की फार उंच आईवडिलांची मुले सरासरीपेक्षा उंच असली तरी आईवडिलांइतकी उंच बहुधा नसतात, सरासरीकडे काहीशी परततात. हाच नियम संघांनाही लागू पडतो, कारण विजेतेपदात कौशल्याइतकाच त्या वर्षीच्या योगायोगाचा वाटा असतो आणि योगायोग पुढील वर्षी प्रवेश घेत नाही. त्यामुळे गतविजेता संघ पुढील वर्षी थोडा खाली येईल हे कोणत्याही अभ्यासाविना सांगता येते. मात्र असे सांगणाऱ्यास त्या महाविद्यालयाचा शत्रू मानले जाते, म्हणून ते सांगितले जात नाही.

अमेरिकेत या विषयाचे स्वरूप वेगळे आहे. तेथे महिलांचे महाविद्यालयीन व्हॉलीबॉल हा मोठा जनप्रिय खेळ असून ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचा सामना पाहण्यासाठी लिंकन येथील फुटबॉलच्या मैदानावर ९२,००३ प्रेक्षक जमले होते. हंगामापूर्वी तेथील प्रशिक्षक मतदान करून संघांची क्रमवारी जाहीर करतात, कोणती खेळाडू कोणत्या विद्यापीठातून कोठे गेली याची नोंद ठेवली जाते आणि भाकीत निदान माहितीवर उभे असते. जळगाव-धुळ्यात खेळाडू एका महाविद्यालयातून दुसऱ्यात गेली ही माहिती प्रथम टीसीच्या खिडकीवरील लिपिकाला होते, दुसऱ्यांदा तिच्या मैत्रिणींना, आणि क्रीडा संचालकांना, म्हणजे महाविद्यालयातील शारीरिक शिक्षणाच्या प्रमुखांना, ती स्पर्धेच्या दिवशी प्रतिस्पर्धी संघाच्या बाजूला सराव करताना दिसल्यावर होते. प्रेक्षकांची संख्या ९२,००३ पर्यंत जात नाही. तथापि मुलांच्या संघाचा सामना पुढे असेल आणि त्यांना तेथेच थांबायचे असेल तर 'माय वं!' असे उद्गार काढण्यापुरता जमाव निश्चित तयार होतो.

येथे या विवेचनाचा मुख्य मुद्दा येतो. खान्देशातील महिला संघांचे भवितव्य मैदानावर ठरतच नाही. ते एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत प्रवेशाच्या खिडकीवर, मुलीच्या घरात आणि मुंबईहून निघणाऱ्या शासन निर्णयांत ठरते, आणि भाकीतकार मात्र या काळात स्मॅशविषयी बोलत असतो. उदाहरणार्थ, महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ केले. निर्णय स्तुत्य आहे, परंतु कला शाखेत येऊ घातलेली डावखुरी स्मॅशर त्यामुळे फार्मसीला जाऊ शकते, आणि फार्मसीच्या प्रात्यक्षिकांतून संध्याकाळी साडेपाचला सुटलेली मुलगी सहा वाजता अंधारात कितीसा सराव करणार? ती अभियांत्रिकीला गेली तर गुंतागुंत आणखी वाढते, कारण या भागातील काही अभियांत्रिकी महाविद्यालये रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी, म्हणजे बोलण्यातल्या 'बाटू'शी, संलग्न आहेत, आणि तेथे प्रवेश घेतलेली मुलगी राहते जळगावातच, चेंडू मारते जळगावातच, परंतु तिचे गुण जातात कोकणाच्या खात्यावर. उलट, नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची वाट खुली झाल्यामुळे एखादी सेटर आणखी एक वर्ष संघात राहू शकेल अशी आशा निर्माण झाली आहे. धोरणाचा मसुदा तयार करणाऱ्यांसमोर खान्देशातील सेटरचा तुटवडा होता असे मानण्यास आधार नाही, पण उपकार तो उपकारच.

दुसरी मोठी शक्ती म्हणजे लग्न. अक्षय्य तृतीया हा खान्देशात 'आखाजी' या नावाने साजरा होणारा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात, आणि याच सुमारास घरात कोणाकोणाचे जमवायचे याचीही चर्चा होते. द्वितीय वर्षाची, हातात बळ आलेली, रोटेशन अंगवळणी पडलेली खेळाडू या चर्चेत सर्वांत आधी सापडते. ही अडचण केवळ खान्देशी आहे असे समजू नये. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा महिलांचे सुवर्णपदक मिळवणारा जपानचा संघ प्रामुख्याने निचिबो या कापडगिरणीतील कामगार मुलींचा होता, आणि १९६२ साली जागतिक विजेतेपद मिळाल्यावर त्यांतील अनेकींना खेळ सोडून संसार थाटायचा होता; प्रशिक्षक दाइमात्सू यांनी आणि एकूण देशानेच त्यांची मनधरणी करून ऑलिंपिकपर्यंत थांबवून घेतले. म्हणजे जपानसारख्या राष्ट्राला जे दोन वर्षे थोपवून धरावे लागले ते एखाद्या तालुक्याच्या क्रीडा संचालकांनी साखरपुड्याच्या मांडवात जाऊन, 'निदान विभागीय स्पर्धा होऊ द्या' अशी मुलीच्या मामाला विनंती करून थोपवावे, अशी अपेक्षा असते. मामांची पहिली शंका मुलगी हाफपँटवर खेळते काय ही असते, आणि तिचे निरसन होईपर्यंत तारीख निघालेली असते.

तिसरी शक्ती पोलीस भरती. ज्या मुलीत धावण्याचा दम, उडीची ताकद आणि पहाटे उठण्याची तयारी आहे तीच उत्तम व्हॉलीबॉलपटू होते आणि तीच भरतीच्या मैदानावरही उत्तीर्ण होते. त्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्यामुळे खेळाचे प्रमाणपत्र हाती पडताच खेळ सोडण्याचे सबळ कारण निर्माण होते. भरतीची जाहिरात निघाली त्या वर्षी संघ दुबळा आणि न निघाली त्या वर्षी संघ बलवान, असा ठोकताळा बांधण्यास हरकत नाही, आणि तो उंचीच्या ठोकताळ्यापेक्षा खचितच बरा ठरेल.

मैदानाचा विचार शेवटी उरतो, जसा तो प्रत्यक्षातही शेवटीच केला जातो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला असतो, मुरूम टाकलेल्या भागाखालची काळी माती वर येऊ पाहत असते, शिपाई फक्कीची पांढरी रेघ ओढत जातो आणि ती ओल्या जागी पसरून दोन बोटांऐवजी चार बोटांची होते, म्हणून चेंडू आत की बाहेर या प्रश्नावर दोन्ही बाजू प्रामाणिकपणे वेगवेगळे सांगू शकतात. नेटची उंची मध्यभागी बरोबर २.२४ मीटर हवी, दोन्ही कडांना ती सारखी हवी आणि तेथे दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढलेली नको, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सुतळीने खांबाला बांधलेले नेट सकाळी हा नियम पाळते, दुपारपर्यंत मध्ये सैल पडते, आणि दुपारच्या सामन्यातील बुटक्या संघाच्या विजयाचे श्रेय मग त्याच्या जिद्दीला दिले जाते. पंचांनी काठी लावून मोजले, एकाने सुतळी ओढली, दुसऱ्याने खांबाच्या बुडाशी दगड लावला, की सायंकाळच्या सामन्यात उंच संघाचे दिवस परत येतात. उपांत्य फेरीच्या वेळा भाकीतकारांनी कधी विचारात घेतल्याचे आढळत नाही.

प्रवासाचाही यात हात असतो. जळगाव ते धुळे हे अंतर एरंडोल, पारोळा या मार्गाने नव्वद किलोमीटरच्या आसपास भरते, आणि फागणे ते तरसोद या टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळत असताना या अंतराचे तासांत रूपांतर करणे हीच एक स्वतंत्र भाकीतशाखा झाली होती. दोन्ही गावांतील संघ आपापल्या मैदानावर सरस आणि परक्या मैदानावर निरस ठरतात, असे म्हणतात, त्यामागे पाण्याचा फरक किंवा प्रेक्षकांचा दबाव अशी कारणे दिली जातात. पहाटे निघून, खडखडत, उलटीच्या पिशव्या हातात धरून पोहोचलेल्या सहा जणींना पंधरा मिनिटांत सर्व्हिस उचलावी लागते हे कारण फारच साधे असल्यामुळे दिले जात नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागू झाल्याने संघाच्या प्रवासखर्चाचा प्रश्न काहीसा सुटला, इतका की पूर्वी आठ जणींत भागवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयाला राखीव खेळाडूही नेता याव्यात. राखीव खेळाडू असणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सवलतीचे व्हॉलीबॉलमधील मोल उंच मुलीपेक्षा अधिक वाटेल.

निकाल लागल्यानंतर भाकिताचे काय होते, हाही पाहण्यासारखा भाग आहे. चुकलेले भाकीत कधी मागे घेतले जात नाही, त्याला पुरवणी जोडली जाते: मुख्य स्मॅशरला त्या दिवशी ताप होता, पंच पलीकडच्या गावचे होते, आदल्या रात्री यजमानांनी भरीत-पुरीचे जेवण घातले आणि तिखट बाधले. हिवाळ्याच्या तोंडी खान्देशात भरीत टाळणे मनुष्याच्या हातात नसल्यामुळे या शेवटच्या कारणाला कोणीही हरकत घेत नाही. बरोबर आलेले भाकीत मात्र पुढील आखाजीपर्यंत, प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक टपरीवर, नव्याने सांगितले जाते, आणि सांगताना त्यातील गुणसंख्याही हळूहळू अचूक होत जाते.

ज्यांना खरोखरच आगामी हंगामाचा अंदाज हवा असेल त्यांनी टपरीचा नाद सोडून क्रीडा विभागात पात्रता अर्ज भरून घेणाऱ्या लिपिकाशेजारी खुर्ची टाकून बसावे. पात्रता अर्ज म्हणजे खेळाडू नियमित विद्यार्थिनी आहे, तिने बारावी कधी उत्तीर्ण केली, तिचे वय मर्यादेत आहे, हे दाखले-छायाचित्रांसह सिद्ध करणारा कागद, आणि तो वेळेत न पोहोचल्यास उंच मुलगीही प्रेक्षक ठरते. कोणत्या महाविद्यालयाची सेटर परत आली, कोणाची लोणेऱ्याच्या खात्यावर गेली, कोणाच्या अर्जावर आडनाव बदललेले आहे, हे सर्व त्या टेबलावर जुलैअखेर दिसून येते. लिपिक स्वतः भाकीत करत नाही. संघ कसा आहे असे विचारले असता तो यादीवर बोट फिरवून अकरा नावे झाली एवढेच सांगतो, आणि मग समोरच्या भाकीतकाराकडे नीट निरखून पाहत, त्यांच्या घरी बारावी झालेली, पंचविशीच्या आतली कोणी मुलगी आहे का, अशी चौकशी करतो.